पेनड्राइव्ह रिकामा, तरी फाइल मावेना

मावसबहिणीच्या लग्नाचं शूटिंग 6 जीबीचं. 64 जीबीचा कोरा पेनड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटर म्हणतो फाइल फार मोठी आहे. दुकानदाराने पेनड्राइव्ह खराब ठरवून नवा गळ्यात मारला, त्यावरही तेच. दोष होता फॅट32 या फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली याच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीचा. तिथे फाइलचा आकार नोंदवायला 32 बिटच (0 किंवा 1 लिहायच्या 32 जागा) असतात, म्हणून 4,29,49,67,295 बाइटांपुढे, म्हणजे 4 जीबीपुढे, आकडाच लिहिता येत नाही. एक्सफॅट या फॅटच्याच नव्या भावंडाने फॉरमॅट केलं आणि शूटिंग बसलं. (फॉरमॅटमध्ये आतलं सगळं जातं, आधी कॉपी काढून ठेवा.)

फॅटचं मूळ 1977 मधलं, फ्लॉपीच्या जमान्यातलं. पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश चिपचा स्वभाव फ्लॉपीहून अगदी वेगळा, आणि मला तोच फार आवडतो. साध्यात साध्या फ्लॅशमध्ये एक बिट म्हणजे एका सूक्ष्म कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन: रिकामा कप्पा 1, भरलेला 0. लिहिताना 1 चा 0 करता येतो, उलट नाही. 1011 चं 1001 होईल, पण 1111 करायचं तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. लिहिणं होतं काही केबींच्या पानावर, पुसणं मात्र अशा शेकडो पानांच्या ब्लॉकचं एकदम. शिवाय दर पुसण्याला कप्प्याभोवतीचा ऑक्साइडचा पापुद्रा झिजतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी चिप साधारण लाखभर वेळा पुसणं सोसते, तीन बिट कोंबणारी जेमतेम काही हजार. फॅटचा, फाइल कुठे आहे हे सांगणारा तक्ता तर प्रत्येक फाइलगणिक त्याच जागी बदलतो. तो ब्लॉक सगळ्यात आधी मरायचा.

यावरचा उपाय किराणा दुकानाच्या रोजमेळासारखा. खाडाखोड करायची नाही, नवी नोंद पुढच्या कोऱ्या पानावर घ्यायची, शेवटची नोंद ती खरी. वही भरत आली की चालू नोंदी नव्या वहीत उतरवून जुनी पुसायची. जेएफएफएस2 ही फाइल सिस्टिम अशीच चालते. 2007 मध्ये कर्जतजवळच्या एका वाडीतल्या शाळेत मुलांना ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (दर मुलाला एक लॅपटॉप) या योजनेचे हिरवे लॅपटॉप मिळाले, त्यांच्या 1 जीबी फ्लॅशवर हीच होती. हिची अडचण एवढीच, की कुठली नोंद कुठे आहे हे कळायला सुरुवातीलाच सगळी वही चाळावी लागते. 2008 च्या यूबीआयएफएस या फाइल सिस्टिमने अनुक्रमणिकाही फ्लॅशवरच ठेवली, म्हणून सगळी वही चाळणं टळलं.

म्हणून पेनड्राइव्हवर जेएफएफएस2 टाकायची का? नाही. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डाच्या पोटात एक कंट्रोलर असतो, तो स्वतःच हा रोजमेळ सांभाळतो. बाहेरून दिसतो तो पत्ता एक, आतली खरी जागा दुसरीच. कंट्रोलर नसलेल्या उघड्या चिपसाठीच्या फाइल सिस्टिमला तिथे थाराच नाही. ‘महिन्यातून एकदा पेनड्राइव्ह डीफ्रॅग करा, वेग वाढेल’ हा फॉरवर्डही विसरा. डीफ्रॅग, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, फिरत्या हार्ड डिस्कसाठी होतं. फ्लॅशमध्ये तुकडे वाचायला धावणारं हेडच नाही, तिथे नुसती झीज पदरात पडते.

राहिला प्रश्न, पेनड्राइव्ह किंवा कार्ड वाचणार कोण? विंडोज, मॅक, नवा टीव्ही असेल तर एक्सफॅट. रात्रंदिवस चालणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला मात्र लिनक्सची एक्सट4 किंवा 2013 मध्ये लिनक्समध्ये आलेली, सॅमसंगची एफ2एफएस. वीज मध्येच गेली तरी अर्धवट लिहिलेलं सावरायची सोय या दोन्हींत आहे. फॅट आणि एक्सफॅट तिथे कच्चे पडतात.

मावशीच्या गाडीतला जुना स्टिरिओ एक्सफॅट ओळखत नाही. गाण्यांचा 8 जीबीचा पेनड्राइव्ह म्हणून मी फॅट32 वरच ठेवला आहे.