जुन्या इमारतीला जास्त टनाचा एसी?

भाड्याच्या जुन्या इमारतीत एसी बदलायची वेळ आली की हा सल्ला हमखास फिरतो: "जरूरीपेक्षा अर्धा टन जास्तच घ्या, खोली लवकर गार होते आणि वीजही वाचते."

खोली लवकर गार होते हा भाग खरा आहे, म्हणूनच बाकीचाही पटतो.

टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक अमेरिकी टन (सुमारे 907 किलो) बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो हा उष्णता काढण्याचा वेग, साधारण 3.5 किलोवॉट. एसीला दोन कामं असतात, हवा गार करणं आणि तिच्यातला ओलावा काढणं. ओलावा एसीच्या आतल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, जमून निथळायला वेळ लागतो. मोठा एसी लवकर ठरलेलं तापमान गाठतो, कॉम्प्रेसर (गारवा तयार करणारा पंप) बंद होतो आणि कॉइलवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा खोलीत येतं. खोली गार, पण दमट. मग भाडेकरू तापमान आणखी खाली आणतो, आणि तिथे जास्त वीज खर्च होते. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर बंद न करता त्याचा वेग कमी करतो खरा, पण त्यालाही खालची मर्यादा असतेच.

पडताळा सोपा आहे. दमट दिवशी घड्याळ लावून बसा. कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी चालू-बंद होत असेल आणि नळीतून पाणी जेमतेम ठिबकत असेल, तर यंत्र बहुधा खोलीला मोठं आहे.

एकाच इमारतीत सगळ्यांना एकच माप लावू नका. गच्चीखालच्या, पश्चिमेच्या खोलीला खरोखरच जास्त लागतं. आणि आधी जुनं वायरिंग तपासून घ्या. सगळे एसी एकदम चालू झाले की भार तिथेच येतो.