इराणी रेशमी चित्रगालिचा

वेलबुट्टीऐवजी आख्यानातला प्रसंग दाखवणारा, हाताने गाठी मारून विणलेला गालिचा. काशान, तबरीझ, केरमान व कूम ही त्याची प्रमुख केंद्रे. केरमानचे चित्रगालिचे बहुतांशी लोकरीचे असतात. मात्र बारीक रेषेच्या चित्राला रेशीमच मानवते. धागा जितका बारीक तितकी गाठ लहान, आणि गाठ लहान असली तरच नाकाडोळ्यांची ठेवण नेमकी उतरते.

व्हिएन्नातील माक संग्रहालयात सोळाव्या शतकातला सफावी काळाचा रेशमी गालिचा आहे. त्यावर घोडेस्वारांची शिकार रंगली असून जरीचे काम रुप्याच्या व मुलामा दिलेल्या तारेचे आहे. पण हे स्वार कोणत्या कथेतले, हे ओळखता येत नाही. नावानिशी ओळखता येतील अशी पात्रे गालिच्यांवर खऱ्या अर्थाने रुळली ती एकोणिसाव्या शतकात, काजार राजवटीत. शिळाप्रेसवर छापलेल्या सचित्र पोथ्यांमुळे दरबारी चित्रे विणकरांपर्यंत पोचली. फिरदौसीच्या ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्याची अशी सचित्र आवृत्ती १८४६ मध्ये मुंबईत निघाली, तेहरानची त्यानंतरची.

‘शाहनामा’तून (पूर्ण : १०१०) त्यातला वीर रुस्तम याचे पराक्रम उचलले गेले. विशेषतः माझंदरानच्या गुहेत त्याने सफेद दैत्याला मारल्याचा प्रसंग : आंधळ्या झालेल्या कैकाऊस राजाची दृष्टी त्या दैत्याच्या काळजाच्या रक्ताने परत येते. फारसी कवी निझामीच्या काव्यांतून लैला-मजनू आणि खुस्रो-शिरीन आले. शिरीन झऱ्यात न्हाते आहे, तिचा काळा घोडा शबदीझ काठाशी उभा आहे आणि घोड्यावरचा खुस्रो चक्क तोंडात बोट घालून बघतो आहे. आश्चर्याची ही खूण इराणी लघुचित्रांतली. गालिच्यावर ती मोजक्या गाठींत साधावी लागते. एखादी गाठ सरकली तरी बोट हनुवटीला चिकटते.

चित्र आधी चौकटीच्या कागदावर काढतात : एक चौकट म्हणजे एक गाठ. हा नकाशा मागावर टांगतात. काही कारखान्यांत एकजण रंग व गाठींची संख्या सुरात म्हणत जातो आणि बाकीचे त्याप्रमाणे विणतात. तबरीझचा विणकर हुक असलेल्या सुरीने दोन्ही ताण्यांना (मागावरच्या उभ्या धाग्यांना) वेढणारी गाठ मारतो. काशान-कूमकडची गाठ एका ताण्याला पूर्ण वेढून दुसऱ्यामागून निघते; वळणदार रेषेला तीच अधिक सोयीची. तबरीझमध्ये दर्जा ‘रज’मध्ये सांगतात : सुमारे सात सेंटीमीटरमध्ये किती गाठी. ५० रज म्हणजे चौरस मीटरला पाच लाखांवर गाठी. यापेक्षा बारीक कामही होते, मात्र छायाचित्रासारखे हुबेहूब दिसण्याच्या हव्यासात काही आधुनिक गालिच्यांत रंगांच्या छटा भरमसाट वाढल्या आणि रेषेचा जोर हरवला.

कूमचा नावलौकिक अलीकडचा. तिथे व्यापारी विणकाम १९३० च्या दशकात काशानच्या कारागिरांकडून सुरू झाले. काशानच्या विणकामाच्या पारंपरिक कौशल्याचा युनेस्कोने २०१० मध्ये आपल्या यादीत समावेश केला.

गालिच्याची लव, म्हणजे गाठींची वर राहिलेली टोके, विणकामाच्या सुरुवातीच्या टोकाकडे कललेली असते, त्यामुळे एका बाजूने रंग फिके तर दुसऱ्या बाजूने गडद दिसतात. घेताना गालिचा दोन्हीकडून पाहावा. रेशीम म्हणून चमक दिलेले सूतही विकले जाते. तुटलेला धागा जाळून पाहिला तर रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, सुताला कागदाचा.