आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी खास छापून फुकट वाटलेली, खिशात मावणारी पुस्तके. प्रकाशकांच्या ‘कौन्सिल ऑन बुक्स इन वॉरटाइम’ने लष्कर आणि नौदलाच्या साथीने १९४३ ते १९४७ या काळात १,३२२ पुस्तकांच्या सुमारे १२ कोटी ३० लाख प्रती काढल्या.

आधी नागरिकांकडून जुनी पुस्तके गोळा करून पाठवत. पुठ्ठाबांधणीची ती जाडजूड पुस्तके छावणीत ठीक होती. सगळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणाऱ्याला त्यांचे ओझेच व्हायचे. मग पुस्तकाचा घाटच बदलला. मासिकांच्या छपाईयंत्रावर, पातळ कागदावर, एकाखाली एक अशी दोन पुस्तके छापून ती मधोमध आडवी कापत. त्यामुळे पुस्तक उंचीला कमी, रुंदीला जास्त. लहान आकाराची प्रत साडेपाच इंच रुंद आणि जेमतेम चार इंच उंच. पानावर मजकुराचे दोन स्तंभ असल्याने ओळी आखूड होत आणि डोळ्यांना ताण कमी पडे. पाठीला तारेच्या पिना. प्रतीमागे खर्च सहा-सात सेंट. शिवाय लेखक आणि प्रकाशक मिळून मानधन एक सेंट!

सैनिकाचा बराच काळ वाट पाहण्यात जातो: जहाजावर, खंदकात, इस्पितळाच्या खाटेवर. पुस्तक नेमके तिथे पोहोचले. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या जून १९४४च्या स्वारीआधी दक्षिण इंग्लंडच्या तळांवर प्रती वाटल्या होत्या. बोटीत चढताना जवानांनी बरेच सामान मागे टाकले. पुस्तके मात्र क्वचितच टाकली.

योजनेचे मोठेपण तिच्या यादीत आहे. काउबॉयच्या गोष्टी, रहस्यकथा, विनोद आणि त्यांच्याच शेजारी कविता, इतिहास, मार्क ट्वेन. सैनिकाला काय झेपेल हे कुणी परस्पर ठरवून टाकले नाही, आणि त्याचे फळ मिळाले. ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतल्या मुलीची कहाणी लिहिणाऱ्या बेटी स्मिथ यांना सैनिकांच्या पत्रांचा ओघ लागला. स्कॉट फिट्झजेराल्ड १९४० साली वारले, तेव्हा त्यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी विस्मरणात चालली होती. तिच्या १,५५,००० प्रती सैनिकांपर्यंत गेल्या.

या मोकळेपणावर घालाही आला. १९४४च्या सैनिक मतदान कायद्यातल्या एका कलमाने राजकीय प्रचाराचा वास येणारे साहित्य वाटायला बंदी केली आणि निरुपद्रवी पुस्तकेही त्यात अडकली. पुस्तके जाळणाऱ्या नाझींशी लढणाऱ्या जवानांवर ही बंदी! प्रकाशक आणि वृत्तपत्रांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कलम सैल करावे लागले.