एचेव्हेरियाची रात्रपाळी

‘रात्रीही ऑक्सिजन देणारी झाडं झोपायच्या खोलीत ठेवा’ अशा याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांत एचेव्हेरिया या कमळासारख्या पानांच्या सक्युलंटचा (पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाचा) फोटो हमखास असतो. हे साफ चूक आहे. पाण्याचा रेणू फुटून ऑक्सिजन तयार होतो आणि त्याला उजेडच लागतो. रात्री या झाडात चालतं ते वेगळंच काम. ते एकदा कळलं की कुंडी कुठे ठेवायची आणि पाणी कधी घालायचं, हे पाठ करावं लागत नाही.

शाळेच्या पुस्तकातली पानफुटी आठवा. एचेव्हेरिया तिच्याच क्रॅसुलेसी कुळातला. मद्रास इलाख्यात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1813 साली एका पत्रात नोंदवलं होतं की पानफुटीचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारी बेचव. तुम्ही मात्र चव घेऊ नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात (मुतखड्यासाठी पानफुटीची पानं चावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं). पहाटे सहाला एक पान आणि संध्याकाळी पाचला दुसरं ठेचून रसाला पीएच पट्टी (आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी) लावा. फरक डोळ्यांना दिसेल.

हा आंबटपणा येतो कुठून? बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्याच दारातून पाणीही निसटतं. एचेव्हेरिया मूळचा मेक्सिकोतल्या कोरड्या डोंगराळ भागातला. तिथे दुपारी दारं उघडी ठेवणं परवडणारं नाही, म्हणून तो ती रात्री उघडतो. आत आलेला वायू पीईपी कार्बोक्सिलेज नावाचं विकर पकडतं, त्यापासून मॅलिक आम्ल बनतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या साठवणीच्या पिशवीत, साठतं. हरभऱ्यावरच्या आंबेतही हेच आम्ल असतं. रिक्तिका जितकी मोठी तितका साठा मोठा, म्हणून पानं जाड. सकाळी रंध्रं मिटतात, आम्ल रिक्तिकेबाहेर येऊन फुटतं, बंद पानात कार्बन डायऑक्साइड दाटतो आणि रुबिस्को हे विकर उजेडाच्या बळावर त्याची साखर करतं. साखरेतला काही भाग स्टार्च म्हणून राखून ठेवला जातो. रात्री विकर वायू ज्याला जोडतं ते पीईपी हे द्रव्य त्या स्टार्चपासूनच बनतं. म्हणजे दिवसाने रात्रीची शिदोरी बांधायची आणि रात्रीने दिवसाची. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण झाड 400 ते 500 ग्रॅम पाणी गमावतं, हे झाड 50 ते 100 ग्रॅम.

या व्यवस्थेला थंड रात्र मानवते. रात्र उबदार असली की श्वसनात जास्त साखर जळते आणि आम्लाचा साठा तोकडा राहतो. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात एचेव्हेरिया झपाट्याने भरतो आणि मुंबई, रत्नागिरी, पणजीला जूनच्या दमट रात्री तोच हातपाय आखडून बसतो, ते यामुळे. वाढ थांबलेली असताना कुंडी ओली राहिली की मुळं कुजतात. किनारपट्टीवर हॉवर्थिया किंवा ग्रॅप्टोपेटॅलम या दुसऱ्या सक्युलंटनी सुरुवात केलेली बरी.

माती एक भाग कंपोस्ट आणि दोन भाग खडा अशी घ्या. खडा म्हणजे 3 ते 5 मिलिमीटरचे विटेचे तुकडे, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) किंवा धुतलेली जाड वाळू. बारीक वाळू नको, ती फटी बुजवते. खाली भोक असलेली मातीची कुंडी, झाडाच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद. मोठ्या कुंडीतली माती वाळायला वेळ लागतो. बांबूची काडी तळापर्यंत खुपसा. ती कोरडी निघाली तरच पाणी घाला, पण घालाल तेव्हा खालून वाहेपर्यंत. चमचा-चमचा पाण्याने खालची मुळं कोरडीच राहतात. मधल्या गाभ्यात पाणी साचू देऊ नका. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, जिथे वारा खेळतो तिथे हलवा.

सकाळचं चार-पाच तास ऊन हवं. एप्रिल-मेच्या दुपारी 50 टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. उजेड कमी पडला की दांडा लांबतो आणि कमळ विस्कटतं. एकदा लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. पानांवरची पांढुरकी भुकटी हे मेणाचं संरक्षण आहे, बोटाने पुसलं की त्या पानावर ते पहिल्यासारखं भरून येत नाही. बाजारात निळे-जांभळे रंग फवारलेली रोपं मिळतात, ती घेऊ नका. रंगाने उजेडही अडतो आणि रंध्रंही.

तळाची पानं कागदासारखी वाळणं नैसर्गिक. पिवळी, पारदर्शक, बुळबुळीत झाली तर पाणी जास्त झालंय. सुरकुत्यांचा मात्र चकवा असतो. पाणी घालून दोन-तीन दिवसांत पानं टरारली तर ती तहान होती. नाही टरारली तर मुळंच कुजली आहेत आणि आणखी पाणी म्हणजे मरण. अशा वेळी दोन-तीन सेंटिमीटर दांड्यासकट वरचं कमळ कापा. छेद आतून स्वच्छ, हिरवट-पांढरा दिसेपर्यंत वर सरका, तपकिरी ठिपका राहिला तर कूज चढत राहील. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपा. कडुनिंबाच्या तेलाने मेणावर डाग पडतात.

कापलेलं कमळ पाच ते सात दिवस सावलीत कोरडं ठेवून मग कोरड्याच मिश्रणावर टेकवा. त्याची काळजी वाटते, पण रंध्रं मिटून ते आठवडेच्या आठवडे तग धरतं. पांढरी मुळं दिसली की पहिलं पाणी.