पहिला ट्यूब अॅम्प्लिफायर घेताना ट्यूबआधी ट्रान्सफॉर्मर पाहा

‘ट्यूबचा एक वॅट ट्रान्झिस्टरच्या पाच वॅटांना भारी’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं (ट्यूब म्हणजे संकेत मोठा करणारी निर्वात काचनळी). ते खोटं आहे. वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल; तो ट्यूबमधून आला की सिलिकॉनमधून, याने त्याचं मोल बदलत नाही. ट्यूबची मर्यादा ओलांडली की लहरीची टोकं बहुधा एकदम छाटली न जाता हळूहळू दबतात, म्हणून विकृती कानाला कमी बोचते. खरं आहे ते एवढंच.

म्हणून आधी स्पीकर पाहा. एका वॅटला एक मीटरवर ९६ डेसिबल देणारा स्पीकर ४ वॅटांत जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८६ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. माहितीपत्रकात ‘२.८३ व्होल्टला’ असं छापलं असेल आणि स्पीकर ४ ओहमचा असेल, तर ते २ वॅट होतात. आकड्यातून ३ डेसिबल वजा करा.

एकट्या ईएल८४ या ट्यूबमधून साधारण ५ वॅट निघतात, २ए३मधून साडेतीन, ३००बीमधून आठेक. चर्चा या नावांचीच होते, पण आवाज घडतो किंवा बिघडतो तो ट्यूब आणि स्पीकर यांना जुळवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये.

ईएल८४ला सुमारे ५,००० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. गुणोत्तर ६२५. इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणून वेढे २५ला १. आता खर्जाकडे या. प्राथमिक, म्हणजे ट्यूबकडच्या, गुंडाळीचं प्रवर्तन (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) १० हेन्री असेल, तर ४० हर्ट्झला तिचा अडसर जेमतेम २,५०० ओहम. भारापेक्षा ही वाट सोपी, म्हणून बराच प्रवाह स्पीकरला टाळून तिथूनच निघून जातो. प्रवर्तन वाढवायला वेढे वाढवावेत, तर गुंडाळीची धारिता वाढून तार स्वर मंदावतात. त्यात सिंगल-एंडेड रचनेत, जिथे एकच ट्यूब पूर्ण लहर हाताळते, ट्यूबचा ५० मिलिअँपियरच्या आसपासचा एकदिश प्रवाह सतत याच गुंडाळीतून वाहतो. लोखंडी गाभा संपृक्त होऊ नये, म्हणजे त्याची चुंबकत्व पेलण्याची मर्यादा संपू नये, म्हणून त्यात हवेची फट ठेवावी लागते, आणि फटीमुळे प्रवर्तन आणखी घटतं. भरपाई एकच: मोठा गाभा, जास्त लोखंड. पाच वॅटांचा चांगला अॅम्प्लिफायर जड असतो तो यामुळे. पुश-पुल रचनेत दोन ट्यूब उलटसुलट दिशांनी काम करतात आणि त्यांचे एकदिश प्रवाह गाभ्यात एकमेकांचा परिणाम पुसतात, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मरही खर्ज पेलतो. स्पीकर ९२ डेसिबलच्या खाली असेल तर ईएल८४च्या जोडीचा, दहाएक वॅटांचा पुश-पुलच घ्या.

फीडबॅक (आउटपुटचा काही भाग चूक सुधारायला इनपुटकडे परत देणं) नसलेल्या ट्रायोडच्या, म्हणजे २ए३, ३००बीसारख्या तीन इलेक्ट्रोडच्या ट्यूबच्या, अॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स २ ओहमच्या घरात असतो. स्पीकरचा इम्पिडन्स कुठे ३० ओहम, कुठे ४ असेल, तर त्या दोन जागांच्या पातळीत तब्बल ३ डेसिबलचा फरक पडतो. म्हणून इम्पिडन्सचा आलेख सपाट असलेला स्पीकर निवडा. महागड्या केबलने हा फरक भरून निघत नाही.

पहिल्या खरेदीत सेल्फ-बायस हवा, म्हणजे ट्यूबचा स्थिर प्रवाह आपोआप ठरतो. ट्यूब बदलल्यावर जुळवाजुळव करावी लागत नाही. ४ आणि ८ ओहमच्या स्पीकरसाठी ट्रान्सफॉर्मरचे वेगळे टॅप (जोडणीची टोकं) हवेत. ४ ओहमचा स्पीकर ८च्या टॅपला जोडलात तर ट्यूबला निम्माच भार मिळतो आणि विकृती वाढते. संवेदनशील स्पीकरवर गुणगुण लगेच ऐकू येते, म्हणून इनपुट शॉर्ट करून स्पीकरच्या टोकांवर मोजा: एक मिलिव्होल्टच्या आत हवी.

स्पीकर न जोडता अॅम्प्लिफायर वाजवू नका, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटू शकतं. आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकतो. मीटरने शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका.