खेकड्याची कवचं दळली म्हणजे कायटोसान होत नाही!

आपल्या बडोद्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांमध्ये एक समज कधीपासून फिरतोय, की खेकड्याची कवचं वाळवून मिक्सरमधून काढली की झालं कायटोसान, म्हणजे कवचांवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला, झाडांसाठी वापरला जाणारा पदार्थ. नाही हो! परवा दांडिया बाजारातल्या मावशींकडची तशी पावडर व्हिनेगरमध्ये टाकून बघितली तर फसफसून फेस आला, तो कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि उरलेलं तळाशी बसलं. खरं कायटोसान त्यात हळूहळू विरघळून घट्टसर, चिकट होतं. त्यासाठी आधी पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने हा कॅल्शियम काढायचा, मग पातळ कॉस्टिक सोड्याने प्रोटीन, तेव्हा कुठे कायटिन (कवचातला मूळ तंतुमय पदार्थ) मिळतं, आणि ते पुन्हा ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये १०० डिग्रीच्या आसपास तापवायचं. हे घरी अजिबात करू नका, डोळा जाऊ शकतो. पावडर खत म्हणून खुशाल घाला, फक्त कायटोसानच्या भावाने घेऊ नका.