नळाचा स्पिंडल बदलणे

चावी पूर्ण बंद करूनही तोटीतून पाणी ठिबकत राहिले, तर नळाच्या आतला झडपेचा गाभा काढून त्या जागी नवा बसवण्याचे घरगुती दुरुस्तीचे काम. या गाभ्याला कंपन्यांच्या माहितीपत्रकांत कार्ट्रिज म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात आणि प्लंबरच्या तोंडी मात्र त्याचे नाव स्पिंडल. एका दांडीने गरम-गार दोन्ही पाणी सोडणाऱ्या मिक्सरमधल्या मोठ्या गाभ्याला तेवढे दुकानदारही कार्ट्रिज म्हणतात. नळाचे पितळी अंग वर्षानुवर्षे टिकते; झिजतो तो हा आतला भाग, आणि तो बदलता यावा अशीच नळाची घडण असते. तरीही नळ गळू लागला की अख्खा नळच बदलून टाकण्याची चाल बऱ्याच घरांत आहे. त्यात खर्च वाढतो हे तर आहेच, पण भिंतीतल्या जुन्या लोखंडी पाइपाला नळ काढताना जो पीळ बसतो त्याने कधीकधी आतला एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणावरचा जोड, तडकतो आणि थेंबाच्या दुरुस्तीपायी टाइल फोडण्याची वेळ येते.

स्पिंडल म्हणजे काय हे समजण्यासाठी आधीचा नळ पाहावा लागतो. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या पितळ ओतकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ साली आट्यांवर खाली उतरणाऱ्या झडपेच्या नळाचे पेटंट घेतले. चावी फिरवली की आटे असलेला दांडा खाली येतो आणि टोकाला बसवलेली मऊ चकती पाण्याच्या वाटेवरच्या बैठकीवर दाबली जाते, एवढीच त्याची करामत. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले, आणि पुढे शतकभराहून अधिक काळ मोरीतला, चाळीच्या कठड्याजवळचा, चौकातला सार्वजनिक असे सगळे नळ साधारण याच जातीचे राहिले. चकती आधी चामड्याची असे, गरम पाण्यासाठी फायबरची, नंतर रबराची आली. तिला वॉशर म्हणत, गावाकडे वायसर. भारतीय मानक आयएस ७८१ हे याच प्रकारच्या तांबे-मिश्रधातूच्या नळांसाठी आहे.

या नळाने लोकांच्या हाताला एक सवय लावली. वॉशर झिजला की नळ गळे. जरा जोर लावून आवळला की थांबे. रबर आणखी दबले जाई, गळती काही आठवडे पुढे ढकलली जाई. घरातला धट्टाकट्टा माणूस नळ बंद करून गेला की मागून आलेल्या मुलाला तो उघडता येत नसे, हा अनुभव पुष्कळांचा. नळ बदलले, सवय तीच राहिली. आजच्या पाव-फेरीच्या, म्हणजे चावी फक्त पाव वळसा फिरणाऱ्या, नळाचा स्पिंडल अकाली मरतो त्याचे एक मोठे कारण हे आवळणे आहे.

एका मुठीचा मिक्सर हा अमेरिकेत जन्मला. ॲल्फ्रेड मोएन या विद्यार्थ्याचे हात १९३७ मध्ये दोन चाव्यांच्या नळाखाली पोळले आणि गरम-गार पाणी एकाच मुठीने जुळवता आले पाहिजे, हा विचार त्याच्या डोक्यात बसला; असा नळ प्रत्यक्ष विक्रीला यायला १९४७ साल उजाडले. सिरॅमिकच्या चकत्या नळात आल्या त्या १९७० च्या दशकात. भारतीय घरांत त्या पाव-फेरीच्या नळांबरोबर रुळल्या. असे नळ दुकानात ‘क्वार्टर टर्न’ या नावानेच मागितले जातात.

पाव-फेरीच्या स्पिंडलमध्ये दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर चपखल बसवलेल्या असतात. खालची स्थिर असते, वरची दांड्याबरोबर फिरते. दोन्हींत छिद्रे असतात. छिद्रावर छिद्र आले की पाणी वाहते, ९० अंशांत फिरवले की वाट मिटते. चकत्या ॲल्युमिना या पदार्थाच्या असतात. कडकपणाच्या मोह्स मापात ॲल्युमिना ९ वर येते आणि हिरा १० वर. चकत्यांचे पृष्ठभाग घासून इतके सपाट केलेले असतात की मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे त्या एकमेकींना चिकटून राहतात. इथे दाबण्याचा प्रश्नच येत नाही. चावी ९० अंशांवर पोचली की झडप बंद झालेली असते; त्यापुढचा सगळा जोर आतल्या अडसरावर आणि मुठीच्या दात्यांवर जातो. काही महिन्यांनी अडसर मोडतो आणि चावी नुसतीच गरगर फिरू लागते.

इतका कडक पदार्थ मग झिजतो कसा? बरेचदा झिजत नाहीच. खालच्या चकतीखाली रबराची एक कडी असते. ती स्पिंडलला नळाच्या बैठकीशी घट्ट धरते. वर्षे लोटली की ही कडी कडक होते, चपटी पडते आणि पाणी चकत्यांच्या मधून न जाता तिच्या बाजूने पाझरू लागते. दोष बहुतेकदा रुपया-दोन रुपयांच्या रबराचा असतो आणि शिक्षा सबंध स्पिंडलला होते. दुसरे कारण रेती आणि गंज. ज्या गावांत दिवसातून ठरावीक वेळीच ‘नळ येतात’, तिथे पाणी सुटताना पाइपातल्या हवेबरोबर गाळ आणि गंजाचे कण धडधडत येतात. असा कण नेमका चकत्यांच्या मधे सापडला की चरा पडतो. तिसरे कारण क्षार. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट गिझरच्या बाजूला अधिक साचतो, कारण पाणी तापले की तो विरघळून राहत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते. या दोन आकड्यांच्या वरच्या टोकाकडे असलेल्या पाण्यावर चालणारा गरम नळ गारच्या आधी गळू लागला तर नवल नाही.

गळती कुठून आहे ते आधी पाहावे, कारण प्रत्येक थेंब स्पिंडलचा नसतो. तोटीच्या टोकातून अखंड ठिबकत असेल तर चकत्या किंवा खालची कडी. चावीच्या मुळाशी, आणि तेही नळ चालू असतानाच, पाणी दिसत असेल तर दांड्यावरची ओ-रिंग, म्हणजे रबराची बारीक गोल कडी. नळ भिंतीला मिळतो तिथून ओल येत असेल तर स्पिंडलचा काही संबंध नाही. तिथले आटे पुन्हा टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवावे लागतात. शॉवर बंद केल्यावर काही मिनिटे थेंब पडत राहतात ते वरच्या नळीत अडकलेले पाणी असते, बिघाड नव्हे. दोन चाव्यांच्या मिक्सरमध्ये कोणती बाजू गळते हे ओळखायला बेसिनखालचे अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारे पाणी अडवणारे छोटे कॉक, आळीपाळीने बंद करून पाहिले की झाले.

पाणी बंद करणे हा या कामाचा पहिला आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग. बेसिनखाली अँगल कॉक असतो. न्हाणीघरातल्या नळासाठी त्या खोलीचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह शोधावा लागतो. जुन्या इमारतींतला गेट वॉल्व्ह वर्षानुवर्षे न हलल्याने अर्धवटच बंद होतो. त्याची परीक्षा स्पिंडल काढण्याआधी घ्यावी, नंतर नव्हे. मिक्सर असेल तर गिझरचे बटण बंद करून त्याच्या आत जाणारा गार पाण्याचा कॉकही बंद करावा. साठवणीच्या गिझरमधले गरम पाणी गार पाण्याच्या रेट्यानेच बाहेर पडते, त्यामुळे ही एक वाट अडवली की पुरते. मग नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे आणि मोरीच्या किंवा बेसिनच्या जाळीवर फडके टाकावे. या कामातला स्क्रू इवलासा असतो आणि तो हमखास भोकाकडेच धावतो.

चावीच्या माथ्यावर लाल-निळी टिकली असते. सुरीच्या टोकाने ती उचलली की खाली स्क्रू दिसतो. काही चाव्यांना टिकलीऐवजी बाजूला बारीक भोक असते आणि आत ॲलन कीने फिरणारा स्क्रू असतो. चावी काढण्याआधी ती बंद स्थितीत कुठल्या दिशेला होती हे लक्षात ठेवावे. फोनवर फोटो काढून ठेवणे सर्वांत सोपे. चावी निघाली की वरची नक्षीदार टोपी हाताने फिरवून काढावी, आणि खालच्या षटकोनी भागाला पाना लावून स्पिंडल डावीकडे फिरवावा. दुसऱ्या हाताने नळाचे अंग घट्ट धरणे आवश्यक, नाहीतर जोर भिंतीतल्या पाइपावर जातो. पान्याच्या जबड्यात कापडाची घडी ठेवली की क्रोमचा मुलामा ओरखडत नाही. क्षारांनी जाम झालेला स्पिंडल हातोडीने ठोकू नये. व्हिनेगरमध्ये भिजवलेला बोळा आट्यांभोवती काही वेळ ठेवून मग पुन्हा पाहावे आणि नंतर ती जागा धुऊन टाकावी, कारण आम्ल क्रोमवर रेंगाळलेले बरे नाही.

निघालेला स्पिंडल खिशात टाकून दुकानात जाणे, हा या सगळ्या कामातला एकमेव नियम म्हणता येईल. आट्यांचा व्यास, दांड्याची उंची, माथ्यावरच्या दात्यांची संख्या, खालच्या कडीचा आकार आणि फिरण्याची दिशा, यांतले एकही जुळले नाही तर नवा भाग निरुपयोगी, आणि हे तोंडी वर्णन करून कोणत्याही दुकानदाराला सांगता येत नाही. दोन्ही नळ अर्धा इंची असले तरी एका कंपनीचा स्पिंडल दुसरीच्या नळात बसेलच असे नाही. कंपन्यांनी यात ग्राहकांची सोय पाहिलेली दिसत नाही. दोन चाव्यांच्या काही मिक्सरमध्ये गरम आणि गार बाजूचे स्पिंडल उलट दिशांना फिरतात. त्यांची अदलाबदल झाली तर नळ चालतो, पण चाव्या चुकीच्या बाजूला उघडतात. एकदांडी मिक्सरची कार्ट्रिजे बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाची असतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून मोजपट्टी लावावी.

नवा स्पिंडल घालण्याआधी रिकाम्या नळातून क्षणभर, अगदी थोडे पाणी सोडून गाळ वाहून जाऊ द्यावा. हे टाळले तर नव्या चकत्यांमध्ये पहिल्याच दिवशी जुनी रेती जाते. बैठक बोटाने पुसावी, चिकटून राहिलेली जुनी कडी असेल तर काढावी. नाहीतर एकावर एक दोन कड्या बसतात आणि गळती वाढते. रबरावर लावायचेच तर सिलिकॉन ग्रीस लावावे. खोबरेल, व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल लावण्याची घरोघरची युक्ती काही प्रकारच्या रबराला फुगवते. स्पिंडलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते, कारण इथे पाणी अडते ते कडीने. पाना लावण्याआधी हाताने जितका फिरेल तितका फिरवावा, म्हणजे आटे तिरके चढत नाहीत. त्यानंतर पान्याने हलकासा पीळ पुरे. एकदांडी कार्ट्रिजच्या बुडाशी दोन पिना असतात. त्या खाचांत नीट उतरल्या पाहिजेत. वरची गोल नट कमी आवळली तर पाणी पाझरते, जास्त आवळली तर दांडी जड होते. हे हाताच्या अंदाजाने जमते, पहिल्याच प्रयत्नात जमले नाही तरी बिघडत नाही.

पाण्याचा कॉक हळूहळू उघडावा. हवा निघून जाईपर्यंत नळ खोकल्यासारखा आवाज करतो. चावी बसवल्यावर ती तिरकी दिसली तर ओढून काढून एक दाता पुढे-मागे करून पुन्हा बसवावी.

या दुरुस्तीने वाचणारे पाणी किरकोळ वाटते, पण हिशोब वेगळे सांगतो. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे २१.६ लिटर. महिन्याला साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे गच्चीवरची ५०० लिटरची काळी टाकी भरून वर उरेल इतके. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी पाणीपुरवठ्याचा केंद्रीय निकष दिवसाला १३५ लिटर आहे, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

स्पिंडल बदलूनही थेंब थांबला नाही तर दोष नळाच्या अंगात आहे असे समजावे. बैठकीला खड्डा पडलेला असतो, किंवा पितळातला जस्ताचा अंश पाण्याने खाऊन धातू सच्छिद्र झालेला असतो. वॉशरच्या जुन्या नळाची बैठक विशेष हत्याराने घासून सपाट करता येत असे आणि काही कारागीर ते अजूनही करतात. पाव-फेरीच्या नळात तसे करण्यात फारसा अर्थ नसतो, तो बदलावाच लागतो. भिंतीत दडवलेल्या डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा तोटीकडे वळवणाऱ्या झडपेचा, स्पिंडल मात्र पुढच्या पत्र्याच्या झाकणामागून निघतो, टाइल फोडावी लागत नाही. गवंड्याने ते झाकण सिमेंटमध्ये गाडून टाकलेले नसेल, तर.